बोअरच्या पाण्यात चेरी श्रिंप : सामू सांभाळण्याचा माझा अनुभव

चेरी श्रिंपला, म्हणजे मत्स्यालयात पाळायच्या छोट्या लाल कोळंबीला, ६.५ ते ८ सामू (पीएच) चालतो, हे कुणीही सांगतं. पुण्याच्या कडेच्या आमच्या सोसायटीत वर्षभर बोअरचं पाणी येतं आणि उन्हाळ्यात टँकर. त्यामुळे नळाचं पाणी टाकीत गेल्यावर कसं वागेल, हे मला श्रिंप आणायच्या आधी बघायचं होतं. टाकीत वाळू, जावा मॉस ही पाणवनस्पती आणि स्पंज फिल्टर एवढंच ठेवलं आणि पाण्याच्या मागे लागले.

सुरुवात थेंबांच्या किटने केली. साध्या किटचा रंग ७.६ ला पूर्ण निळा होतो, त्यापुढे पाणी ७.७ असो की ८.५, नळी तशीच निळी दिसते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यासाठी ‘हाय रेंज’ची वेगळी बाटली लागतेच. रंग ट्यूबलाइटखाली जुळवू नये. नळीमागे पांढरा कागद धरून, खिडकीपाशी दिवसा बघावा.

नंतर पीएच पेन घेतलं. त्याच्यासोबत ४.००, ६.८६ आणि ९.१८ अशा पुड्या आल्या. प्रत्येक पुडी २५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायची, पेन आधी ६.८६ ला लावायचं आणि मग आपलं पाणी ज्या बाजूला झुकतं त्या द्रावणाला. माझ्यासाठी ते ९.१८. पेनाचं काचेचं टोक कायम ओलं हवं, पण ते डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवलं तर खराब होतं. त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण मिळतं.

आता खरी गंमत. बोअरचं ताजं पाणी ७.३ दाखवत होतं. तेच बादलीत एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी ८.३! जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो उडून गेला की आम्लपणा कमी होतो आणि सामू चढतो. नळाखाली घेतलेल्या आकड्यावर विसंबून पाणी बदललं असतं, तर टाकीत पुढचा चढ श्रिंपनीच सोसला असता. तेव्हापासून मी मुरलेल्या पाण्याचाच आकडा धरते.

मत्स्यालयाच्या दुकानात काका म्हणाले, “ताई, पीएच डाऊनचे दोन थेंब टाका, काम झालं.” हे सामू उतरवणारं आम्ल. मी ते बादलीत करून पाहिलं. सामू ६.८ वर उतरला आणि सकाळी पुन्हा आठच्या जवळ! कारण केएचमध्ये होतं. पाण्यातल्या बायकार्बोनेटचं ते माप. टाकलेलं आम्ल तेच पचवतं. केएचच्या किटमध्ये रंग निळ्याचा पिवळा होईपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे एक अंश. आमच्या बोअरला १४ थेंब लागले. जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा) १८, टीडीएस (विरघळलेल्या एकूण क्षारांचं माप) ६२०. एवढा केएच असताना सामूशी झटापट करण्यात अर्थ नव्हता. आधी केएच उतरवायला हवा होता.

म्हणून आरओचं पाणी मिसळलं. एक भाग बोअर, दोन भाग आरओ : केएच पाचच्या आत, जीएच ६, टीडीएस २२० च्या आसपास. चेरीला हे छान मानवतं. एक इशारा मात्र मनापासून देते : तांब्याचं कार्ट्रिज असलेल्या प्युरिफायरचं पाणी श्रिंपला देऊ नका, तांबं त्यांना विषारी आहे. आणि निव्वळ आरओही वापरू नका. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना केएच खात राहतात. तो आधीच शून्य असेल तर सामू कोसळतो. शिवाय कात टाकायला लागणारं कॅल्शियम त्या पाण्यात नसतं.

टाकी स्थिरावल्यावर सामू सकाळी दिवे लागण्याआधी ७.६ आणि संध्याकाळी ७.९ मिळू लागला. झाडं दिवसा कार्बन डायऑक्साइड ओढतात, रात्री सोडतात, त्याचा हा हेलकावा. मोजणी रोज एकाच वेळी केली नाही तर आकड्यांची तुलनाच होत नाही. अमोनिया मात्र शून्य दिसेपर्यंत मी श्रिंप आणले नाहीत. २५ अंशाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, ८ ला तो पाच टक्क्यांवर जातो. आपल्या पाण्यात ही सवलत मिळत नाही.

श्रिंप आणल्यावर एअरलाइनच्या नळीला सैल गाठ मारून थेंबथेंब पाणी त्यांच्या भांड्यात सोडलं. दुकानातल्या पाण्याचा टीडीएस बराच वेगळा होता, आणि सामूपेक्षा तो फरक त्यांना जास्त लागतो.

टँकरच्या दिवसांत मिश्रणाचं प्रमाण बदलतं. यंदा टँकरच्या पाण्याचा केएच ९ निघाला, म्हणून अर्धं-अर्धं केलं. नवीन पाणी आलं की आधी केएच आणि टीडीएस, मगच बादली भरते. आठवड्याला साधारण दहा टक्के पाणी बदलते. कोकणातून हौसेने आणलेले शंख-शिंपले टाकीबाहेरच ठेवले आहेत. ते चुन्याचेच, केएच वाढवत राहतात.

क्रिस्टल रेड या दुसऱ्या जातीच्या श्रिंपसाठी हे मिश्रण उपयोगाचं नाही. त्यांना सामू सहाच्या आसपास आणि केएच जवळजवळ शून्य लागतो. म्हणजे शुद्ध आरओ, त्यात फक्त जीएच वाढवणारे क्षार, आणि तळाशी सामू खाली धरून ठेवणारी खास माती, म्हणजे ॲक्टिव्ह सॉइल. त्या सॉइलवर बोअरचं पाणी घातलं तर तिची ताकद फार लवकर संपते.