तवांगमधला रविवार

अरुणाचल प्रदेशातल्या तवांगला बदली होऊन येताना मी एक भाबडी समजूत बाळगली होती, की समुद्रसपाटीपासून सुमारे 3,000 मीटर उंचीवरच्या निवांत डोंगरात माणूस आपोआप सुखी होतो. प्रत्यक्षात गेले तीन महिने भाड्याची खोली आणि धुमसणारी बुखारी (खोली तापवणारी शेगडी) एवढीच सोबत आहे. डिसेंबरात येथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उरलेली संध्याकाळ अक्षरशः खायला उठते.

आज सुट्टी असल्याने 1680-81 मध्ये स्थापन झालेला बौद्ध मठ पाहायला गेलो. (इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांना या राज्यात येण्यासाठी लागणारा परवाना, घेऊन येणाऱ्याचे परकेपण कागदावरच नोंदलेले असते; सीमेवरच्या गावात ते रास्तही आहे, माझी तक्रार नाही.) प्रार्थनाचक्रांच्या रांगेत, याकच्या केसांची झुपकेदार काळी टोपी घातलेल्या इथल्या मोनपा जमातीच्या एक आजी पुढे चालल्या होत्या. मी पितळी चक्र उलट्या दिशेने फिरवताच त्या थबकल्या, काहीही न बोलता त्यांनी माझे मनगट धरले आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ते फिरवून दाखवले. तळहात खरखरीत होता, पण ऊबदार. कार्यालयातील औपचारिक हस्तांदोलने वगळता तीन महिन्यांत मला झालेला हा पहिलाच मानवी स्पर्श होता, हे ध्यानात आले तेव्हा घसा दाटून आला. "अकेला आया?" त्यांनी हिंदीत विचारले. मी मान डोलावली. त्या दात नसलेले हसू हसल्या आणि पुढच्या चक्राकडे वळल्या.

नंतर त्यांच्या मागोमाग मी आणखी दोन फेऱ्या मारल्या, या वेळी योग्य दिशेने.