तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पोराला बालगृहात घालायचंय, कुणाची ओळख आहे का?’

हा प्रश्न बहुतेक वेळा मामा, मावशी नाहीतर शेजारीपाजारी विचारतात. घरातला कर्ता माणूस गेलेला असतो. आई इचलकरंजीत कांड्या भरायला जाते किंवा कोल्हापुरात चार घरची धुणीभांडी करते. पोरं शाळेतून आली की दिवेलागणीपर्यंत दारात बसून असतात. ‘तिथं निदान दोन वेळचं पोटभर जेवतील आणि शिकतील,’ एवढीच विचारणाऱ्याची इच्छा असते.

ओळख लागत नाही आणि ओळखीनं कामही होत नाही. पण खरं उत्तर त्याच्याही आधीचं आहे: बहुतेकदा अशा पोरांना बालगृहाची गरजच नसते.

आपल्याकडे हा घोळ व्हायला कारण आहे. 1901 साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत, मिस क्लार्क अशी बोर्डिंगं उभी राहिली. ‘पोराला बोर्डिंगात घातलं’ हे कोल्हापुरात अभिमानानं सांगायचं वाक्य आहे, आणि बालगृह हे त्याच माळेतलं वाटतं. बोर्डिंगात पालक मुलाला ठेवतो आणि वाटेल तेव्हा घेऊनही येतो. बालगृहात मूल जातं ते बाल कल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारी समितीच्या आदेशानं, आणि बाहेर येतं तेही समितीच्याच आदेशानं. दिवाळीत आई नवे कपडे घेऊन दारात उभी राहते आणि ‘चार दिवस घेऊन जाते’ म्हणते. अधीक्षक ‘आधी समितीला अर्ज द्या’ म्हणून सांगतात आणि मग तिथं रडारड होते. अधीक्षकांचा त्यात दोष नसतो. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे. नुसती गरिबी हे मूल घरातून काढायचं कारण नव्हे.

मग काय करायचं? मूल घरीच ठेवून पैसे घरी आणायचे.

राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तीत मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळतात, 18 वर्षं पूर्ण होईपर्यंत. आई-वडील दोघंही गेलेले असले पाहिजेत असं नाही. एक पालक वारला, सोडून गेला, तुरुंगात आहे, दुर्धर आजारानं अंथरुणाला खिळला, तरी अर्ज करता येतो. दुसरी वाट केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वाची. त्यात महिन्याला 4000 रुपये आहेत, पण वार्षिक उत्पन्नाची अट कडक: ग्रामीण भागात 72,000 आणि शहरात 96,000 रुपयांपर्यंत. एका मुलाला दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत, त्यामुळे कुठं बसतं ते आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारून घ्या. अर्ज फुकट आहे. ‘साहेबांकडून करून देतो, दोन हजार द्या’ म्हणणारा भेटला तर तिथूनच परत फिरा.

अर्जासोबत मुलाचं आणि पालकाचं आधार, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाईड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक आणि पासपोर्ट फोटो लागतात. मुलांसह पालकाचा घरासमोर उभं राहून काढलेला फोटोही मागतात. त्यानंतर गृहभेट होते आणि प्रकरण मंजुरीला जातं.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावापाशी. बाईच्या आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, पासबुकात तिसरंच, आणि मुलाच्या बोनाफाईडवर वडिलांच्या नावाची वेगळीच वेलांटी. एका कागदावर ‘सर्जेराव’ आणि दुसऱ्यावर ‘सर्जेराव ऊर्फ बाळू’ असलं की फाईल परत येते. म्हणून अर्जाच्या आधी सगळे कागद एका चटईवर मांडा आणि अक्षर न अक्षर ताडून बघा. आधारची दुरुस्ती सर्वांत आधी करा, तिला वेळ लागतो. उत्पन्नाचा दाखला 31 मार्चला संपतो. फेब्रुवारीत काढलेला मेमध्ये चालत नाही.

दुसरी अडचण मृत्यूच्या दाखल्याची. दुःखात 21 दिवस कसे जातात कळत नाही, नोंद राहून जाते, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश घेऊन यावं लागतं. दिवसकार्याला जमलेल्या भावकीतल्या एकानं तेवढं एक काम अंगावर घेतलं तरी पुढचे सहा महिने वाचतात.

तिसरी बँकेची. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजुरी होऊनही पैसे येत नाहीत. शिवाय हप्ते दर महिन्याला वेळेवर पडतीलच असं नाही, कधी चार-सहा महिन्यांचे एकदम येतात. त्या भरवशावर घरभाडं ठरवू नये.

नुसती शिक्षणाची सोय हवी असेल तर वसतिगृह शोधा. समाजकल्याणची वसतिगृहं आहेत, शाहूंच्या काळातली बोर्डिंगं आहेत, पाचवीतल्या हुशार पोरासाठी कागलच्या नवोदयची परीक्षा आहे. वसतिगृहांचे प्रवेश शाळा उघडायच्या सुमारास होतात. ऑगस्टमध्ये विचारून उपयोग नाही.

बालगृह लागतंच तेव्हा मात्र वेळ घालवू नका. घरात मारहाण आहे, अत्याचार आहे, मूल रस्त्यावर आहे किंवा सांभाळणारं कुणीच उरलेलं नाही, तर 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक लावा, नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी विचारा. मूल 24 तासांत समितीपुढं जायला हवं, प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. सामाजिक तपासणी अहवाल 15 दिवसांत यावा लागतो. त्यात घर, नातेवाईक, शाळा सगळं बघितलं जातं, आणि कधी कधी तिथंच सांगलीची आत्या निघते जी सांभाळायला तयार असते.

कोल्हापूरच्या सीबीएस एसटी स्टँडवर किंवा अंबाबाईच्या देवळात एकटं पोर दिसलं की त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात. ते करू नका. मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. आणि ज्याच्या माराला कंटाळून ते पळालंय, तोच तो फोटो बघून पहिला येतो. पोराला काहीतरी खायला द्या, 1098 ला फोन लावा, माणूस येईपर्यंत जवळ बसा. नाव-गावासाठी खोदून विचारू नका. घाबरलेलं मूल खोटं गाव सांगतं आणि मग सगळा तपास त्या गावाकडं जातो.

ज्यांचं कुणीच नाही त्यांच्यासाठी अजून एक गोष्ट: अनाथ प्रमाणपत्र. शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना 1 टक्का समांतर आरक्षण आहे, ते या कागदावर मिळतं. आई किंवा वडील हयात असलेलं मूल यात बसत नाही, बालगृहात वाढलं असलं तरीही. प्रमाणपत्राचा अर्ज सतराव्या वर्षीच घाला. अठरा झाल्यावर मूल संस्थेतून बाहेर पडतं, आणि 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या आधाराची सोय असली तरी तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. जाताना पिशवीत आधार, जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पासबुक आणि समितीच्या आदेशाची प्रत असली पाहिजे. ती प्रत मागून घ्या. नंतर जुन्या कपाटातून ती शोधून काढायला कुणाला सवड नसते.