देवमाशांची वही: आधी 'कोण कोणाकडे गेलं', मग बाकीचं

पावसाळा लागल्यापासून आपल्या सांगली-मिरजेच्या हौशी गटाची देवमाशांची वही, म्हणजे वेगवेगळ्या जातींच्या गाठीभेटींच्या नोंदी, मी नव्याने मांडायला घेतली आहे. आतापर्यंत देवमाशांच्या जातींच्या जोड्यांप्रमाणे पानं होती: हंपबॅक आणि ऑर्का, पायलट व्हेल आणि ऑर्का, नारव्हाल आणि बेलुगा. गाठ कुठे पडली, काय झालं, एवढं लिहायचं आणि पुढे जायचं. आता प्रत्येक नोंदीचा पहिला रकाना 'कोण कोणाकडे गेलं' आणि दुसरा 'त्या वेळी पाण्यात आवाज कोणाचा होता' असा आहे. 'का' हा रकाना सगळ्यात शेवटी, आणि तो बहुतेक पानांवर कोराच आहे. या दोन रकान्यांमुळे जुन्याच नोंदी इतक्या वेगळ्या दिसायला लागल्या की सविस्तर लिहिणं भाग आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला हंपबॅकच्या पानांवर. सागरी जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट पिटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हंपबॅक आणि ऑर्का यांच्या ११५ गाठीभेटींचे वृत्तान्त गोळा करून २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातल्या ज्या ७२ भेटींत सुरुवात कोणी केली हे कळत होतं, त्यांपैकी ५७ टक्के वेळा हंपबॅक स्वतःहून गेले होते. ऑर्का म्हणजे समुद्रातला सगळ्यात बलाढ्य शिकारी, हंपबॅकची पिल्लं मारणारा. तरीही निम्म्याहून जास्त वेळा हंपबॅकच त्याच्या दिशेने पोहत गेला. आणि गेला तोही सस्तन प्राणी खाणाऱ्या ऑर्कांकडे. मासे खाणाऱ्या ऑर्कांकडे तो क्वचितच फिरकला. तो पोहोचला तेव्हा दहापैकी जवळजवळ नऊ वेळा शिकार चालू होती किंवा खाणं चालू होतं.

आता माझ्या दृष्टीने खरी गोष्ट. त्या शिकारींत सावज हंपबॅकचं पिल्लू असण्याचं प्रमाण फक्त ११ टक्के होतं. उरलेल्या ८९ टक्क्यांत इतर दहा जाती होत्या: सील, सी लायन, दुसऱ्या जातींचे देवमासे आणि एक चक्क मासासुद्धा. हंपबॅक परक्यांना वाचवायला धावतात, असा याचा अर्थ आपण लगेच काढतो. पण दुसरा रकाना भरला की चित्र बदलतं. सस्तन प्राणी खाणारे ऑर्का शिकारीला निघताना जवळजवळ मुके असतात, कारण सील आणि देवमासे पाण्याखालचं फार चांगलं ऐकतात. हल्ला झाला, सावज हाती लागलं की मग ते बोलायला लागतात. म्हणजे दूरवरच्या हंपबॅकच्या कानावर पडतो तो शिकाऱ्याचा आवाज. सावज कोण आहे हे त्याला तिथे पोहोचेपर्यंत कळत नसावं, असा या अभ्यासकांचाही तर्क आहे, आणि मला तो पटतो. रानात शिक्रा दिसला की कोतवाल त्याच्या मागे लागतो. शिक्र्याच्या पंजात कोणाचं पिल्लू आहे हे तो आधी तपासत बसत नाही.

पण एवढ्याने प्रश्न मिटत नाही. जानेवारी २००९ मध्ये अंटार्क्टिकात ऑर्कांनी लाट उठवून एका वेडेल सीलला बर्फावरून पाण्यात पाडलं. सील पोहत एका हंपबॅककडे गेलं. हंपबॅक उताणा झाला, सील त्याच्या छातीवर दोन परांच्या, म्हणजे वल्ह्यासारख्या पुढच्या अवयवांच्या, मधोमध आलं. ते घसरायला लागलं तेव्हा हंपबॅकने पराने हळूच त्याला परत वर ढकललं. थोड्या वेळाने सील खाली उतरून पोहत जवळच्या हिमखंडावर पोहोचलं. आवाज ऐकून येणं समजू शकतं, पण सील समोर दिसत असताना हे करणं कशात बसवायचं? या नोंदीचा 'का' रकाना मी मुद्दाम मोकळा सोडलाय. मे २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात ऑर्कांनी ग्रे व्हेलचं पिल्लू मारलं, आणि पिल्लू मेल्यावरही हंपबॅक कितीतरी तास तिथून हलले नाहीत. तो रकानाही मोकळाच.

पायलट व्हेलची पानं मांडताना याच प्रश्नाची दुसरी बाजू सापडली. आइसलँडजवळ आणि जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत पायलट व्हेल ऑर्कांच्या मागे लागतात, आणि ऑर्का बहुधा काढता पाय घेतात. नॉर्वेत शास्त्रज्ञांनी पाण्यात स्पीकर सोडून हेरिंग खाणाऱ्या ऑर्कांचे आवाज वाजवले, तेव्हा पायलट व्हेल एकत्र आले आणि सरळ आवाजाच्या दिशेने निघाले. याच पद्धतीने स्पर्म व्हेलना सस्तनभक्षी ऑर्कांचे आवाज ऐकवले, तर त्यांनी खाणं थांबवलं, डुबकी अर्धवट सोडली आणि गोळा झाले. आवाज ऑर्काचाच, पण एक जात चालून जाते, दुसरी आवरून घेते. जोड्यांच्या मांडणीत या दोन नोंदी वीस पानांच्या अंतरावर होत्या. आता शेजारी आहेत आणि मला यातच पुढचं काम दिसतंय.

कानाची तयारी त्यासाठीच चालू आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर ऑर्कासाउंड या प्रकल्पाचे हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे माइक, थेट ऐकता येतात. आपल्याकडे रात्रीचे अकरा म्हणजे तिकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा. जुलैत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलंय याकडे डोळे लावून अख्खी सांगली जागी असते, त्या रात्री मी हेडफोन लावून बसते. बहुतेक वेळ जहाजांची घरघर असते. मध्येच ऑर्का आले की अंगावर काटा येतो.

त्यातला एक तुकडा मी मिरजेला सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या काकांना ऐकवला. ते जवारी लावत होते. हातातली कानस बाजूला ठेवून त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "ताई, हे एक जनावर आहे की दोन? खालचा सूर स्थिर आहे, वरचा वेगळाच चढतोय." एकच होतं. ऑर्काच्या कित्येक हाकांत दोन स्वतंत्र सूर एकाच वेळी असतात. खालचा चोहीकडे पसरतो, वरचा तोंड ज्या दिशेला असेल तिकडे जास्त ऐकू येतो, त्यामुळे हाक देणारा कुठे वळलाय हे सोबत्यांना कळू शकतं. रेव्हन लाइट या आवाजाचा आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आलेख उघडला तर दोन्ही रेघा वेगळ्या दिसतात. काकांना त्या आलेखाची गरज पडली नाही. मी त्यांना आणखी दोनदा ऐकायला सांगितलं, आणि तिसऱ्यांदा त्यांनी वरचा सूर कुठे तुटतो ती जागा बोटाने टेबलावर दाखवली. गटातल्या प्रत्येकाने संगीताचा कान असलेलं एक माणूस गाठावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

नवशिक्यांसाठी एवढंच: मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, खालचे सूर गायब होतात. फिन व्हेलची धडधड २० हर्ट्झच्या आसपास, आपल्या कानाच्या सीमेवर असते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये वेग दहापट केला की ती स्पष्ट ऐकू येते.

एकत्र राहणाऱ्यांची पानं तुलनेने लवकर उरकली. अझोर्सजवळ २०११ मध्ये पाठीचा कणा वाकडा असलेला एक बॉटलनोज डॉल्फिन स्पर्म व्हेलच्या कळपात फिरताना, त्यांच्या अंगाला अंग घासताना दिसला होता. सेंट लॉरेन्स नदीत २०१६ पासून एक तरुण नारव्हाल बेलुगांच्या कळपात दिसत आला. ग्रीनलंडच्या डिस्को उपसागरातल्या एका कवटीचा डीएनए २०१९ मध्ये तपासला, तर आई नारव्हाल आणि बाप बेलुगा निघाला. इथे 'कोण कोणाकडे गेलं' याचं उत्तर स्पष्ट आहे: एकटा पडलेला कळपाकडे गेला. कवटीचं मात्र तसं सांगता येत नाही.

आपल्या भागात व्हेल म्हटलं की लोकांना उलटीच्या तस्करीच्या बातम्याच आठवतात. त्यामुळे अरबी समुद्राचं पान मी मोठ्या अक्षरात लिहिलंय. इथले हंपबॅक इतरांसारखे ध्रुवाकडे स्थलांतर करत नाहीत, वर्षभर इथेच असतात, आणि ओमानच्या किनाऱ्यावर त्यांची संख्या शंभराच्याही आत असल्याचा अंदाज आहे. लुबान नावाच्या मादीला २०१७ मध्ये ओमानजवळ टॅग लावला, तर ती समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत येऊन गेली. २०१५ मध्ये कुणकेश्वरजवळ निळे देवमासे दिसले होते.

दिवाळीनंतर समुद्र निवला की फोंडा घाटाने देवगड-मालवणला जायचं ठरलंय. तिथे हंपबॅक डॉल्फिन (हंपबॅक देवमासा वेगळा) आणि फिनलेस पॉरपॉइज (पाठीवर पर नसलेला, डॉल्फिनसारखा छोटा प्राणी) दोघेही आहेत. दोघे एकाच वेळी नजरेच्या टप्प्यात आले तर पहिले दोन रकाने जागेवरच भरायचे. ज्यांना यायचंय त्यांनी आत्ताच कळवा, होडी आधी ठरवावी लागते. आणि ज्यांच्याकडे जुनी ध्वनिमुद्रणं आहेत त्यांनी ती न कापता, गोंगाटासकट पाठवा. मागे कोण बोलत होतं ते त्या गोंगाटातच सापडतं.