दुसऱ्या स्क्रीनसाठी दुसरं कार्ड

माझा जुना मॉनिटर फक्त व्हीजीएवाला. दोन बाजूंना स्क्रू असलेला निळा प्लग, बाकी काही नाही. आरटीएक्स 3060 हे नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि मागे बघते तर तीन डिस्प्लेपोर्ट, एक एचडीएमआय. व्हीजीए नाहीच. मॉनिटर अजून ठणठणीत आहे, टाकवत नाही. ड्रॉवरमध्ये जीटी 710 हे जुनं ग्राफिक्स कार्ड पडून होतं, त्याला व्हीजीए आहे. म्हटलं, बसवू खालच्या स्लॉटमध्ये. मोठ्या स्क्रीनवर गेम, जुन्यावर यूट्यूब आणि चॅट. शिवाय 3060 वरचा भारही थोडा हलका होईल.

त्या 'शिवाय'नेच घोळ केला.

उघडं कॅबिनेट बघून दादाने विचारलं, "दोन कार्डं म्हणजे दुप्पट एफपीएस का गं?" एफपीएस म्हणजे गेम सेकंदाला किती चित्रं दाखवतो तो आकडा. तसं काही नसतं. दोन कार्डं जोडून एकच गेम चालवायचा तो एसएलआय तंत्राचा जमाना गेला, आणि तेव्हाही कार्डं एकाच जातीची लागायची. 3060 ची 12 जीबी मेमरी आणि 710 ची 2 जीबी मिळून 14 पण होत नाहीत. गेम 3060 च चालवणार, 710 ने फक्त शेजारचा पडदा सांभाळायचा.

बसवणं सोपं. 710 जेमतेम 19 वॅटचं, स्लॉटमधूनच वीज घेतं, वेगळी केबल नको. ड्रायव्हरने, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, मात्र संध्याकाळ खाल्ली. 710 केप्लर या जुन्या पिढीचं, आणि त्या पिढीसाठी 470 मालिकेनंतर गेमचे नवे ड्रायव्हर नाहीत. ताजा ड्रायव्हर टाकला की 3060 खूश, जुना मॉनिटर काळा. 470 वर दोन्ही चालतात, पण मग नव्या गेमसाठीच्या सुधारणांवर पाणी. मी 470 टाकला.

दोन्ही स्क्रीन उजळल्या. गेम लावला, शेजारी व्हिडिओ लावला, कोणावर किती भार आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला. जीपीयू 1 म्हणजे 710, जवळजवळ झोपलेलं. 'व्हिडिओ डिकोड'चा, म्हणजे व्हिडिओ उलगडण्याचा, आलेख हलत होता तो जीपीयू 0 चा, म्हणजे 3060 चा! केबल 710 ला, पण ब्राउझरचं काम सगळं 3060 वरच. मुख्य स्क्रीन ज्या कार्डावर, तेच कार्ड ब्राउझर धरून बसतो. 3060 चित्र तयार करणार आणि ते उचलून 710 कडे पोचवणार, म्हणजे उलट एक हमाली वाढली. बॉर्डरलेस मोडमधला, म्हणजे बिनचौकटीच्या खिडकीत चालणारा, गेम चुकून अर्धा जुन्या स्क्रीनवर सरकला तर एफपीएस धाडकन पडायचे, तेही बहुधा याच हमालीपायी.

विंडोज 11 च्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ॲपनुसार कार्ड ठरवता येतं. ब्राउझर 710 ला दिला. आता कसं छान, म्हणेपर्यंत प्रोसेसर तापला. यूट्यूब बऱ्याचदा व्हीपी9 या दाबलेल्या स्वरूपात व्हिडिओ पाठवतं आणि 710 ला व्हीपी9 हार्डवेअरवर उलगडता येत नाही. ते काम गेलं प्रोसेसरकडे, आणि गेमलाही तोच प्रोसेसर हवा. 3060 चा भार हलका करायच्या नादात मी तो नेमका नको त्याच्या डोक्यावर ठेवला होता. व्हिडिओ उलगडायला 3060 मध्ये वेगळा भाग असतो, गेमला त्याचा फारसा त्रासच नव्हता.

वर 710 अगदी 3060 च्या पंख्यांखाली. आधी 66 अंशांवर राहणारं 3060 आता 74 वर गेलं आणि पंख्यांचा आवाज हेडफोनमधूनही ऐकू यायला लागला.

दोन वेगळी कार्डं वाईटच, असं मी म्हणणार नाही. दोन्ही अलीकडच्या पिढीची असतील, स्लॉटमध्ये अंतर असेल आणि तीन-चारपेक्षा जास्त स्क्रीन लावायच्या असतील तर जरूर बसवा. माझी गरज एका निळ्या प्लगची होती. ती एचडीएमआयचं व्हीजीए करणाऱ्या बोटभर कन्व्हर्टरने भागली. सिग्नल डिजिटलचा ॲनालॉग करणारा तो लागतो, नुसती पिना जुळवणारी केबल चालत नाही.

710 परत ड्रॉवरमध्ये. ड्रायव्हर ताजा. स्लॉटची पत्र्याची पट्टी काढून कुठे ठेवली ते मात्र आठवत नाहीये, त्यामुळे कॅबिनेटच्या मागे सध्या एक खिडकी आहे.