पुणे ते दापोली, टपावर पाइप आणि शिडी : ताम्हिणीमार्गे

सामान : चार इंची पीव्हीसीचे दहा फुटी सहा पाइप आणि तेवढीच लांब अ‍ॅल्युमिनियमची शिडी. गाडी चार मीटरच्या आतली हॅचबॅक, म्हणून तीन मीटरचा माल नाकाच्या किंवा डिकीच्या बाहेर जात नाही. वीस फुटी पाइप मात्र दुकानातच कापून घ्यावा, नाहीतर टेम्पोने पाठवावा. मर्यादेबाहेर माल काढला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) नुसार २०,००० रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

निघण्याआधी टपाच्या रेल (दोन्ही कडांचे लांब दांडे) तपासा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांवरच्या रेल नुसत्या शोभेच्या असतात, त्यांवर क्रॉसबार (रॅकचा आडवा दांडा) चढवला तर भार पेलत नाही. गाडीच्या पुस्तिकेत टपाची मर्यादा दिलेली असते, बहुतेक छोट्या गाड्यांना ५० ते ७५ किलो. त्यात रॅकचंही वजन धरायचं. जाड प्रकारचा एक पाइप साडेचार किलोच्या आसपास भरतो. सहा पाइप, शिडी आणि रॅक मिळून साधारण ४० किलो.

दोन क्रॉसबारमध्ये निदान ७० सेंमी अंतर हवं. बारवर जुन्या सायकलट्यूबचे तुकडे घट्ट गुंडाळा. पीव्हीसी गुळगुळीत असतो, ब्रेक दाबला की पुढे सरकतो, आणि हीच या मालाची खरी खोड. खाली शिडी गाडीच्या लांबीत सपाट, तिच्या दोन उभ्या दांड्यांमध्ये तीन पाइप, त्यांवर दोन, मग एक. शिडीची आतली रुंदी १४ इंच तरी हवी. सॉकेटची (जोडाची रुंद) तोंडं आलटूनपालटून ठेवा, म्हणजे गठ्ठा सपाट बसतो. तीन ठिकाणी ट्यूबने बांधून गठ्ठा एकजीव करा. तोंडं बंद करा, नाहीतर वारा शिट्टी वाजवतो.

प्रत्येक बारवर बकलवाला २५ मिमीचा पॉलिएस्टर पट्टा. नायलॉनची दोरी पावसात भिजली की ताणते आणि ताम्हिणीत जून ते सप्टेंबर ती भिजणारच. रॅचेट (दातेरी चाकाने ओढायचा पट्टा) टाळा : एक खाच जास्त ओढली की पाइप अंडाकृती होतो, मग जोड बसत नाही. पट्ट्याला एक पीळ द्या, फडफड थांबते. पट्टा शिडीच्या पायरीखालून फिरवा, नुसता वरून नको. हुकाची लवचीक दोरी मुख्य बांधणीला चालत नाही.

पट्टे माल खाली दाबतात, पुढे-मागे सरकणं रोखत नाहीत. त्यासाठी पुढच्या टो हुकपासून (गाडी ओढून न्यायची कडी) गठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना उलट्या व्हीसारखी दोरी, मागेही तशीच. बॉनेटच्या कडेशी दोरी घासते तिथे जाड कापड घाला. डिकी उघडायची झाली तर आधी मागची दोरी सोडा. झाकणही जपून उघडा, ते पाइपांना आपटून काच फुटते.

पौडला पहिली तपासणी, मग मुळशीच्या धरणाजवळ, घाट उतरण्याआधी. उतारावर माल पुढे येतो, म्हणून इथे पुढची दोरी पाहा. माणगावनंतर महामार्गावर ट्रक ओलांडताना वारा बाजूने ढकलतो. ६०-७० च्या वर जाऊ नका. महाड, पोलादपूर, कशेडीचा बोगदा आणि खेड, मग दापोलीचा वळणांचा रस्ता. खेडला पट्टे पुन्हा ओढून घ्या. हॉटेलांच्या आवारात उंचीचे अडथळे असतात, त्यामुळे गाडीची नवी उंची मोजून काचेवर चिकटवा.

उतरवताना आधी पुढची-मागची दोरी, मग पट्टे सोडा, एका बाजूने कोणीतरी माल धरून ठेवावा. परतीला रॅक काढून डिकीत टाका. रिकाम्या बारांचा आवाज आणि पेट्रोल दोन्ही वाचतं.