घटातला गहू

पाचवी माळ.

पहाटे दिव्यात तेल घालायला देवघरात गेले, तर घटातला गहू बोटभर वर आलेला. हिरवा नाही. आमच्या देवघरात ऊन येत नाही, त्यामुळे कोंब पिवळे, टोकाला जेमतेम पोपटी. प्रत्येक टोकावर पाण्याचा एकेक थेंब. हात लावायचा नसतो, म्हणून वाकून नुसती बघत राहिले.

हा गहू नानांचा. निफाडच्या संशोधन केंद्राचं त्र्यंबक वाण. बियाण्याचं पोतं ते दरवर्षी कडुनिंबाचा पाला घालून वेगळं ठेवायचे. गेल्या वर्षी मार्चमध्ये सोंगणी झाली आणि आठवड्याभरात ते गेले. त्या वर्षी घरात घट बसला नाही. यंदा सर्वपित्रीला भाऊने रामकुंडावर पिंड दिले आणि दुसऱ्याच दिवशी आईने परडीत माती भरली. आपल्या पंचांगात या दोन दिवसांच्या मध्ये एक रात्र तेवढी आहे. हे मला यंदा पहिल्यांदा जाणवलं.

माझ्या खोलीत व्हॅन गॉगच्या चित्राची प्रत आहे. गहू कापणारा माणूस. नाना गेल्यावर मी ती उतरवून कपाटामागे ठेवली होती. १८८९ मध्ये सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना खोलीच्या गजांतून दिसणारं शेत त्याने रंगवलं. जूनमध्ये चित्र सुरू केलं, जुलैत दुखणं पुन्हा उलटलं, आणि सप्टेंबरमध्ये त्याने तेच शेत परत कॅनव्हासवर घेतलं. भाऊ थिओला त्याने लिहिलं की हा कापणारा म्हणजे मृत्यू आणि कापला जाणारा गहू म्हणजे माणसं; पण या मृत्यूत दुःख नाही, तो लख्ख उजेडात, सोनेरी उन्हात येतो. मागची जांभळी डोंगररांग सोडली तर सगळं पिवळंच.

त्याच पत्रात तो म्हणतो, हे चित्र आधीच्या पेरणाऱ्याच्या उलट आहे. मला ते उलट वाटत नाही. १८८८ च्या ‘पेरणाऱ्या’त सूर्य त्या माणसाच्या डोक्यामागे प्रभावळीसारखा आहे, आणि पुढ्यात छाटलेलं तिरकं झाड, त्याला नवे फुटवे. विळ्याखाली गेलं तेच त्याच्या मुठीत आहे. मी इतके दिवस एकच चित्र बघत होते, म्हणून ते सोसवेना.

दुपारी प्रत पुसून परत भिंतीवर लावली. देवघरातून येऊन पाहिलं, तर कोंबांचा आणि त्या शेताचा पिवळा जवळजवळ एकच.

संध्याकाळी भाऊचा फोन आला. नानांच्या पोत्यात पायलीभर गहू उरलाय, दिवाळीनंतर विहिरीजवळच्या वाफ्यात आधी तोच पेरणार म्हणाला. आई मागून म्हणाली, दसऱ्याला घटाचा पहिला तुरा नानांच्या टोपीत खोवायचा. टोपी तिने कालच धुऊन ठेवली आहे.