४३ केल्विनची पायरी

रात्रभर चाललेलं मोजमाप सकाळी उघडलं आणि खुर्ची पुढे ओढली. सहा आठवडे भट्टीपाशी खपून मिळालेले स्फटिक, मँगनीज ऑक्साइडचं नवं थरदार संयुग, आणि थंड होत जाताना ४३ केल्विनला, म्हणजे उणे २३० अंश सेल्सिअसला, चुंबकनाचा (पदार्थ किती चुंबक बनतो त्याचा) आलेख पायरी चढावी तसा सरळ वर गेलेला. "मॅडम, फेरोमॅग्नेट!" माझी विद्यार्थिनी म्हणाली, म्हणजे लोखंडासारखा चुंबक होणारा पदार्थ. तिचा आनंद मोडायला जिवावर आलं, पण ४३ हा आकडा बघूनच मनात पाल चुकचुकली.

पहिला संशय ऑक्सिजनवर. स्फटिक ठेवलेल्या कॅप्सूलमध्ये हवा अडकली तर तो गोठतो, ४३.८ केल्विनला त्याचं घनरूप बदलतं आणि आलेखात खोटी खूण उमटते. कॅप्सूलला सुईनं भोक पाडलं, चेंबरमधली हवा काढून तीनदा हेलियम भरला, पुन्हा मोजलं. पायरी जागची हलली नाही. शिवाय ५ केल्विनला हिस्टेरिसिसचा ठळक वळसा मिळाला, म्हणजे बाहेरचं चुंबकीय क्षेत्र चढवून उतरवलं तर चुंबकन त्याच वाटेनं परतत नव्हतं. गोठलेला ऑक्सिजन असा वळसा देत नाही.

मग उरलं हाऊसमनाइट, मँगनीजचंच दुसरं ऑक्साइड. तेही ४३ केल्विनच्या आसपासच फेरीमॅग्नेटिक होतं, म्हणजे त्यातले अणूंचे उलटसुलट चुंबक असमान असल्यानं बरंच चुंबकन शिल्लक राहतं. एक्स-रेत त्याची एकही रेषा नव्हती, पण त्यावर मी कधीच विसंबत नाही. शेकडा अर्धा भाग भेसळ एक्स-रेतून सहज निसटते. स्क्विडवर, म्हणजे अगदी थोडं चुंबकनही टिपणाऱ्या आमच्या यंत्रावर, मात्र मूळ पदार्थ अँटिफेरोमॅग्नेट असेल तर तीच भेसळ त्याला झाकून टाकते, कारण अँटिफेरोमॅग्नेटमध्ये शेजारशेजारचे स्पिन, म्हणजे अणूंचे चिमुकले चुंबक, एकमेकांना खोडतात आणि हाती फार थोडं चुंबकन उरतं.

सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक कडेवर उभा केला. वरचा पृष्ठभाग आरशासारखा, पण थरांच्या कडांना तपकिरी-काळी भुकटी चिकटलेली. कडा ब्लेडनं कापल्या, दोन्ही बाजूंचे थर चिकटपट्टीनं सोलले. हाती उरला चार मिलिग्रॅमचा पापुद्रा.

संध्याकाळी आलेख आला. पायरी गेली होती. तिच्याखाली दडलेलं रुंद, बुटकं टेकाड ९० केल्विनच्या आसपास वर आलं होतं, आणि २६ केल्विनला एक बारीक खोच. मला हा आलेख पायरीपेक्षा कितीतरी देखणा वाटला. एकाच थरातले स्पिन वरच्या तापमानापासूनच एकमेकांच्या उलट वळू लागतात, पण थराथरांतली ओढ दुबळी असल्यानं सगळा स्फटिक एका शिस्तीत यायला खूप खाली जावं लागतं. ती खोच म्हणजे तीच शिस्त, असं मला वाटतं. विशिष्ट उष्मा (पदार्थ एका अंशानं तापवायला किती उष्णता लागते ते) मोजल्याशिवाय मात्र ठामपणे लिहिणार नाही.

विद्यार्थिनीनं दोन्ही आलेख वहीत शेजारी चिकटवले, पहिल्याखाली "कडेची भुकटी" लिहिलं आणि उरलेले अकरा स्फटिक सोलायला बसली.